पाठ फिरवलेल्या बाईचे काय करायचे?

'रेत समाधि' आवडली नाही असे म्हणणाऱ्या मैत्रिणींशी माझे भांडण नाही. पुस्तक नावडण्याचा हक्क प्रत्येकीला आहे, त्याला बक्षीस मिळालेले असले तरी. माझे भांडण आहे ते नावडण्याच्या कारणांशी. आणि स्पष्टच सांगायचे तर, आवडण्याच्या काही कारणांशीसुद्धा.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गीतांजली श्री यांची ही हिंदी कादंबरी २०१८ साली राजकमल प्रकाशनाने काढली. डेझी रॉकवेल यांनी केलेल्या तिच्या इंग्रजी अनुवादाला मे २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिक मिळाले. हिंदीतून आलेल्या पुस्तकाला हा मान पहिल्यांदाच मिळाला. गोष्ट उत्तर भारतातल्या एका सरकारी अधिकाऱ्याच्या घरातली. आई ऐंशी वर्षांची. नवरा वारला आणि तिने अंथरूण धरले. तोंड भिंतीकडे, पाठ घराकडे. मुलगा, सून, मुलगी, नातवंडे सगळे तिला उठवायला बघतात आणि ती उठत नाही. पहिल्या भागाचे नावच 'पीठ', म्हणजे पाठ. पुढे ती उठते, घरातून नाहीशी होते, सापडते, मुलीकडे राहायला जाते. हिजडा समाजातल्या रोझीशी तिचे जिवाभावाचे नाते आहे, ते तिथे फुलते. शेवटी ती मुलीला घेऊन पाकिस्तानात जाते. मध्ये कावळे सभा भरवतात, साड्यांवर पानेच्या पाने येतात, वाघा सरहद्दीवर मंटो आणि इंतिजार हुसेन अवतरतात. शेवट सांगत नाही.

बक्षीस मिळाल्यापासून आमच्या वाचनगटांत या पुस्तकावरून सरळसरळ दोन तट पडले आहेत. अर्ध्याजणींनी शंभर पानांच्या आत पुस्तक मिटले. ज्यांनी पूर्ण केले त्यांतल्या निम्म्या भारावल्या, निम्म्या चिडल्या. हे आक्षेप मी एकेक करून घेते.

पहिला आक्षेप सगळ्यात मोठ्या आवाजात येतो: 'काही घडतच नाही. बाई नुसती पडून राहते. किती वाचायचे?' भाषा अवघड आहे हे मला मान्य आहे. आपल्याला हिंदी येते असे आपण सिनेमाच्या भरवशावर समजत असतो आणि इथे लेखिका शब्दांना उलटेपालटे करून खेळवते. 'नहीं' म्हणता म्हणता तो शब्द 'नई'कडे कसा सरकतो, हे हळू वाचल्याशिवाय कळत नाही. कुठे कुठे तो खेळ अति होतो, हेही खरे. पण कंटाळ्याची तक्रार नीट ऐका. 'किती दिवस अशी पडून राहणार? आता उठायला नको का?' ही वाक्ये वाचकांची आहेत आणि आईच्या घरच्या माणसांचीही तीच आहेत. घर ऊन दाखवून, खायला घालून, लाडीगोडी लावून तिला उठवू पाहते, आणि पुस्तक हातात घेतलेल्या आपण त्या घरातलेच एक माणूस होऊन बसतो. आपल्याला गोष्ट पुढे जायला हवी असते, घराला आई पूर्वीसारखी हवी असते. तिला काय हवे, हे दोघेही विचारत नाहीत.

बाईच्या दुःखाला मुदत घालून देण्याची आपल्याला फार जुनी सवय आहे. दहा दिवस सुतक, तेराव्याला गोडाचे जेवण, वर्षाने वर्षश्राद्ध. शास्त्राची मुदत सोडली तर आता वैद्यकाचीही आहे. मार्च २०२२ मध्ये अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदानपुस्तिकेच्या सुधारित आवृत्तीत लांबलेल्या शोकाची विकार म्हणून नोंद केली. प्रौढ माणसाच्या बाबतीत मृत्यूला किमान बारा महिने झालेले असावेत, अशी त्यात अट आहे. ज्यांचे जगणेच थांबते त्यांना उपचार मिळायलाच हवेत, त्याला माझा विरोध नाही. पण कधी उठायचे हे ठरवणारे सगळे तिच्या बाहेरचे, हे मला खटकते.

दुसरा आक्षेप चळवळीतल्या मैत्रिणींचा आहे, आणि तो जास्त वजनाचा आहे. 'हे सुखवस्तू घरातले दुःख. आमच्या वस्तीतली बाई नवरा गेल्यावर चौथ्या दिवशी भांडी घासायला जाते. तिला भिंतीकडे तोंड करून पडायला वेळ कुठे आहे?' बरोबर आहे. आईच्या पडून राहण्यामागे सरकारी बंगला आहे, चहा आणून देणारे हात आहेत. कादंबरी ते लपवत नाही, पण त्या हातांच्या दुःखावर फार रेंगाळतही नाही. ही टीका पुस्तकावर जरूर करावी.

पण तिथून आपण निष्कर्ष कोणता काढतो? शोक ही श्रीमंतांची चैन आहे म्हणून त्याबद्दल लिहू-वाचू नये, हा? की कष्टकरी बाईलाही शोकाचे दिवस मिळाले पाहिजेत, हा? महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला. नोंदणी झालेली कामगार बाई मेली तर तिच्या वारसांना अंत्यविधीसाठी मदत देण्याची तरतूद त्यात आहे. पण तिच्या घरचे माणूस गेले तर तिला पगारी रजा मिळण्याची हमी त्यात नाही. म्हणजे तिच्या मरणाचा विचार झाला, तिच्या रडण्याचा नाही. चौथ्या दिवशी कामावर आलेल्या बाईला आपण 'खंबीर' म्हणतो. तिच्या खंबीरपणाचे आपण कौतुक करतो तेव्हा पगार कापला जाण्याची तिची भीती आपण नजरेआड करत असतो.

तिसरा गट कादंबरी आवडलेल्यांचा. 'ऐंशी वर्षांची आजी उठते आणि चक्क सरहद्द ओलांडते! किती प्रेरणादायी!' हे ऐकले की मी जास्त अस्वस्थ होते. कारण या वाचनात पहिला भाग म्हणजे एक अडचण ठरते. आजी कधी एकदा उठते आणि पराक्रमाला लागते याची वाट बघत ती पाने ढकलायची. आपल्या गाण्यांत, शिबिरांत, सल्ला केंद्रांतही हाच सूर असतो: ऊठ, उभी राहा, चल. मारहाण होणाऱ्या बाईला हे सांगणे गरजेचे असते. पण माणूस गमावलेल्या बाईलाही आपण तेच सांगतो, कारण दुसरे काही सांगायला आपल्याकडे शब्द नाहीत. ती रडत बसली तर 'नवऱ्यासाठी एवढे काय?' असे वाटते, आणि रडली नाही तर शेजारपाजार बोलतात. बिचारीने नेमके किती रडावे?

याची मुळे आपल्या वाचनाच्या इतिहासात आहेत. मराठी कादंबरीची सुरुवातच विधवेपासून झाली. बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' १८५७ चे. पुढे हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो?' मधल्या यमूने कितीजणांना रडवले. या पुस्तकांचे ऋण मोठे आहे. केशवपनाविरुद्ध, छळाविरुद्ध त्यांनी जनमत घडवले. पण त्यातून आपल्याला एक सवय लागली. कादंबरीतली विधवा म्हणजे एक खटला. तिच्यावर अन्याय व्हायचा, वाचकाने हळहळायचे, आणि त्या हळहळीतून सुधारणा निघायची. तिचे दुःख कशाच्या तरी कामी यायलाच हवे. 'रेत समाधि'तल्या आईचे दुःख कुणाच्याच कामाचे नाही. तिचा छळ होत नाही, घर तिच्यावर प्रेम करते. त्यामुळे हळहळायची सोय नाही. ती पडून आहे ती नेमकी कुणासाठी, हेही लेखिका चटकन सांगत नाही. घर समजते की नवऱ्यासाठी. पुढे कळते की त्या शोकाखाली फाळणीच्या वेळचा दुसरा शोक गाडलेला आहे आणि त्याची घरात कुणाला खबर नाही.

याच मे २०२२ मध्ये आपल्याकडे काय घडले ते आठवा. ४ मे रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. बांगड्या फोडणे नाही, कुंकू पुसणे नाही, मंगळसूत्र तोडणे नाही. १७ मे रोजी राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन करणारे परिपत्रक काढले. मला या ठरावाचा अभिमान आहे. दुसऱ्यांचे हात तिच्या मनगटापर्यंत पोचू नयेत, एवढे ठरावाने होऊ शकते, आणि ते थोडे नाही. पण बांगड्या शाबूत राहिलेली ती बाई रात्री एकटी असते तेव्हा तिच्या मनात काय चालते, याचा ठराव करता येत नाही. त्यासाठी कादंबरी लागते, आणि तीही असली अडखळत, वळणे घेत जाणारी. सरळ रेषेत लिहिलेला शोक मी तरी कुणा बाईचा पाहिलेला नाही.

ज्यांनी पुस्तकाला देवदेवतांच्या अपमानाचा रंग दिला त्यांच्याबद्दल फार लिहीत नाही. शिव-पार्वतीच्या उल्लेखावरून पोलिसांत तक्रार गेली आणि जुलै २०२२ मध्ये आग्र्याला लेखिकेचा सत्कार रद्द करावा लागला. त्या वादात आई कुठेच नव्हती.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती मुलगी. घराशी भांडून बाहेर पडलेली, लग्न न करता स्वतःच्या हिमतीवर राहणारी. म्हणजे आपल्यापैकीच एक. आई तिच्याकडे येते तेव्हा तिला वाटते, आता मी हिला मोकळे करीन. पण आई तिच्या हिशेबाने मोकळी होत नाही. रोझीबरोबर हसते-खिदळते, स्वतःच्या शरीराबद्दल लाज सोडून बोलते, आणि मुलगीच कावरीबावरी होते. बघता बघता मोकळी मुलगी धास्तावलेली आई होऊन बसते. पुस्तकावर चिडलेल्या मैत्रिणींना मला विचारावेसे वाटते: तुम्ही चिडलात त्या पानावर ही मुलगी होती का? आपल्या आयांनी आपण आखून दिलेल्या मुक्तीच्या बाहेर पाऊल टाकले, तर आपण काय करणार आहोत?

तेव्हा पुस्तक नको तर नका वाचू. पण 'त्यात काही घडत नाही' असे म्हणू नका. एक बाई शोक करते आहे, हे घडते आहे. आणि तुमच्या ओळखीच्या कुणा बाईचे माणूस गेले, तर भेटायला जाल तेव्हा 'आता सावर' हे शब्द एकदा तरी गिळून बघा. जवळ बसा. ती पाठ करून बसली असेल तर पाठीशी बसा.

माझे म्हणणे पटले नसेल तर पत्र जरूर लिहा. विरोधातली पत्रे आधी छापावीत, अशी संपादक मंडळाला माझी विनंती आहे.