हळद डब्यातली, हळद डबीतली

परवा वन्संनी गुडघेदुखीवर म्हणून हळदीच्या कॅप्सूलची डबी आणली. ‘‘अगं, हळदच ती! तिचा कसला आलाय अपाय?’’ मला काही ते पटेना.

हळदीसाठी आपण भांडलोय, मैत्रिणींनो. जखम भरण्याच्या तिच्या गुणावर १९९५ साली अमेरिकेत पेटंट दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने जुन्या ग्रंथांचे दाखले देऊन १९९७ मध्ये ते रद्द करवलं. अभिमान वाटतोच. पण आता तोच अभिमान डबीत भरून आपल्याला विकला जातोय.

हळदीत करक्युमिन असतं शेकडा तीनच्या आसपास, आणि तेही अंगी फारसं लागत नाही. म्हणून कॅप्सूलमध्ये त्याचा अर्क भरतात, वर मिरीतल्या पिपरिनची जोड देतात. मग ते कैक पटींनी रक्तात उतरतं. म्हणजे चिमूटभर हळदीचा हिशेब इथे चालतच नाही! २०१९ मध्ये इटलीत आणि २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियात अशा गोळ्या घेणाऱ्या काहींच्या यकृताला इजा झाल्याचं आढळलं आणि तिथल्या सरकारी यंत्रणांनी लोकांना सावध केलं.

‘आयुर्वेदिकच आहे’ म्हणून आपण अशा गोळ्यांबद्दल डॉक्टरांना सांगतही नाही. रक्त पातळ करण्याचं औषध चालू असेल, तर हे लपवणं महागात पडू शकतं.

वन्संना मी एवढंच म्हटलं, ‘‘आमटीत हवी तशी घालू या, डबी मात्र आधी डॉक्टरांना दाखवू.’’