रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस

रक्त काढून झालं की हातावर कापसाचा बोळा दाबून धरायला सांगतात आणि म्हणतात, "रिझल्ट पोर्टलवर येईल." कधी येईल, हे सहसा कोणी सांगत नाही. एखाद्या वेळचा ताप-खोकला असेल तर हे चालून जातं. पण दीर्घ आजार असलेल्या माणसाला वर्षातून चार-चार वेळा या रांगेत उभं राहावं लागतं. कोणी क्रिएटिनिनची वाट पाहतं, कोणी एचबीए१सीची, कोणी कर्करोगाच्या उपचारांनंतरच्या स्कॅनची. मला क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सीएमएल आहे. रोज एक गोळी घ्यायची आणि ठरावीक महिन्यांनी बीसीआर-एबीएल नावाची चाचणी करायची, असं माझं चालू आहे.

माझं मत असं की ही वाट पाहणं हा आजाराचाच एक भाग आहे आणि त्याचं नियोजन रक्त देण्याच्या आधी व्हायला हवं. नंतर "धीर धर" म्हणण्याला फारसा अर्थ नसतो.

आधी उशीर का लागतो ते पाहू, कारण उशिराचा अर्थ लावण्यातच आपली निम्मी झोप जाते. सीएमएलमध्ये ९ आणि २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे आपापसांत बदलतात आणि एक जोडजनुक तयार होतं. त्याचा आरएनए रक्तात किती आहे, हे चाचणीत मोजतात. रक्तातून आरएनए वेगळा काढायचा, त्यापासून डीएनएची प्रत बनवायची, मग पीसीआर यंत्रात त्या प्रती फेरीमागून फेरी वाढवायच्या आणि एका नेहमीच्या जनुकाशी तुलना करायची. एका नमुन्यासाठी एवढं सगळं मांडणं परवडत नाही, म्हणून अनेक प्रयोगशाळा नमुने साठवून एकत्र चालवतात. तुमचा नमुना गुरुवारी पोचला आणि पुढची बॅच सोमवारी असली, तर तो थांबतो, बस्स. "इतके दिवस लागतायत म्हणजे काहीतरी वाईट निघालंय" हा तर्क इथे चालत नाही. बायोप्सीत कधीकधी जादा रंगद्रव्यं वापरून पुन्हा पाहावं लागतं खरं, पण त्यावरूनही निदान ओळखता येत नाही.

आता आकडा आला असं धरू. मागच्या वेळी ०.००४ टक्के होता, यंदा ०.००८. दुप्पट! पोर्टलवर लाल बाण. पण पीसीआरमध्ये दर फेरीला प्रती साधारण दुप्पट होतात, म्हणजे हा सगळा फरक जेमतेम एका फेरीचा आहे. इतक्या खालच्या पातळीवर तोच नमुना दोनदा तपासला तरी एवढा फरक पडू शकतो. डॉक्टरांचं लक्ष असतं ०.१ टक्क्याच्या रेषेकडे. पहिल्या वर्षाचे टप्पेही ठरलेले आहेत: तिसऱ्या महिन्यात १० टक्क्यांच्या आत, सहाव्यात १ च्या आत, बाराव्यात ०.१ च्या आत. हे आधी ठाऊक असेल तर लाल बाण पाहून छातीत धस्स होत नाही. निदान कमी होतं.

हेच साध्या रक्तचाचण्यांनाही लागू आहे. "नॉर्मल रेंज" बहुधा निरोगी लोकांपैकी मधल्या ९५ टक्क्यांवरून काढतात. म्हणजे ठणठणीत माणसाचाही एखादा आकडा बाहेर जाण्याची शक्यता वीसात एक. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या एकदम केल्या, तर किमान एक आकडा बाहेर असण्याची शक्यता ६४ टक्के होते. दीर्घ आजाराच्या माणसाने स्वतःच्या मागच्या आकड्यांशी तुलना करावी, छापील रेंजशी नव्हे.

हे सगळं कळूनही मन अस्वस्थ होतंच, आणि त्याला कारण आहे. २०१६ साली युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधल्या संशोधकांनी ४५ जणांना एक संगणकीय खेळ खेळायला दिला. दगडाखाली साप आहे का ते ओळखायचं. साप निघाला तर हाताला विजेचा सौम्य झटका. घाम आणि बाहुल्यांचा आकार मोजल्यावर दिसलं की झटका नक्की बसणार हे माहीत असताना ताण कमी होता आणि शक्यता निम्मी-निम्मी असताना सर्वांत जास्त. म्हणजे त्रास वाईट बातमीपेक्षा न कळण्याचा जास्त.

मग आपली मंडळी काय करतात? "सगळं छान येणार, पॉझिटिव्ह राहा." शुभ बोल नाऱ्या, ही तर आपली जुनी शिस्त. केट स्वीनी या कॅलिफोर्नियातल्या मानसशास्त्रज्ञ याच विषयावर काम करतात. वकिलीच्या परीक्षेच्या निकालाची चार महिने वाट पाहणाऱ्यांचा त्यांनी अभ्यास केला. मन ताळ्यावर आणण्याच्या बहुतेक युक्त्यांचा फारसा उपयोग झाला नाही. उलट ज्यांनी काळजी करत, वाईटाची तयारी ठेवत दिवस काढले, ते निकाल कळल्यावर जास्त सावरलेले होते. त्यामुळे काळजी करणाऱ्याला कृपया अपराधी वाटायला लावू नका. त्यांच्याच नंतरच्या कामात एक गोष्ट मात्र उपयोगी दिसली: ज्यात तंद्री लागते असं काम. माझ्यासाठी ते शनिवारच्या मराठी शाळेचे धडे तयार करणं आहे. कोणाची ढोल-ताशाची तालीम असेल, कोणाचं विणकाम. टीव्ही नाही चालत, तो चालू असतो आणि हात फोनकडे जातो.

फोनवरून पोर्टलचा मुद्दा येतो. अमेरिकेत ५ एप्रिल २०२१ पासून रुग्णाची माहिती विनाकारण अडवून ठेवायला मनाई आहे, त्यामुळे बरेचदा डॉक्टरांच्या आधी रिझल्ट आपल्याला दिसतो. हा नियम मला योग्य वाटतो. २०२३ मध्ये आठ हजारांवर रुग्णांच्या पाहणीत ९६ टक्क्यांनी सांगितलं की डॉक्टरांनी पाहिला नसला तरी आम्हाला रिझल्ट लगेच हवा. पण दार उघडं आहे म्हणून रात्री अकराला आत शिरलंच पाहिजे असं नाही. नोटिफिकेशन बंद करता येतं. शुक्रवारी संध्याकाळी काही उघडायचं नाही, सोमवारी सकाळी उघडायचं, असा नियम मी केला आहे. डॉक्टर शनिवार-रविवार भेटत नाहीत, मग दोन दिवस तो आकडा घेऊन मी करणार काय?

आणि उलटीकडची वाट: आईवडील तिकडे, आपण इकडे. ठाण्यात संध्याकाळी सातला बाबांचा रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, तेव्हा उन्हाळ्यात न्यू जर्सीत सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात आणि आपण मीटिंगमध्ये. टेबलाखाली पीडीएफ उघडून गुगल करायचं, नाहीतर "सगळं ठीक आहे गं" यावर विश्वास ठेवायचा. हे "ठीक आहे" फार घातक आहे, कारण एकदा लपवलं गेलं की पुढचं प्रत्येक "ठीक" संशयास्पद होतं. कोण सांगणार, केव्हा सांगणार आणि आकडा जसाच्या तसा सांगणार, हे बाबांशी, आईशी, तिकडच्या भावाशी आधीच बोलून घ्यावं. बाबांना स्वतःला किती जाणून घ्यायचं आहे, तेही विचारावं. बहुतेक घरांत हा प्रश्न कोणी विचारतच नाही.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न थोडेच आहेत. रिझल्ट साधारण कोणत्या तारखेला येईल? तोवर आला नाही तर कोणाला फोन करायचा? आणि सर्वांत महत्त्वाचं, कोणत्या आकड्यावर उपचार बदलाल? "कोणत्याही आकड्यावर आत्ता काही बदलणार नाही" असं उत्तर आलं, तर ही चाचणी आत्ताच कशाला, हेही विचारायला हरकत नाही. एचबीए१सी मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा हिशेब देतं, ते दोन आठवड्यांत पुन्हा करून काय मिळणार?

यातली तारीख सांगणं तर प्रयोगशाळांना सहज जमण्यासारखं आहे. चार डॉलरची वस्तू मागवली तरी ती कोणत्या दिवशी दारात येईल ते कळतं. नमुन्याच्या पावतीवर पुढच्या बॅचचा वार छापायला काय जातं?