विश्लेषण : घरी बांधलेल्या लाकडी विमानात दुसऱ्या सीटवर बसावे का?

आकाशात लूप आणि रोल मारणारे दोन आसनी विमान कोणी घरच्या गॅरेजमध्ये लाकडापासून बांधले आहे, असे सांगितले तर ऐकणारा आधी दचकतो. ‘फाल्को’ हे त्यातले नावाजलेले विमान. त्याच्या लाकडाबद्दल शंका घेतली जाते, पण खरा प्रश्न वेगळाच आहे.

फाल्को काय आहे?

इटलीचे अभिकल्पक स्टेलिओ फ्राती यांचे हे विमान १९५५ मध्ये प्रथम उडाले. सुरुवातीला ते कारखान्यात बनत असे. पुढे अमेरिकेतील ‘सिकोया एअरक्राफ्ट’ने त्याचे आराखडे आणि किट हौशी बांधणाऱ्यांना विकले. स्प्रूसचे लाकूड, बर्च प्लायवूड आणि शेजारीशेजारी दोन सीट अशी त्याची रचना आहे.

लाकूड एवढा ताण सोसते?

सोसते. कसरतींसाठी फाल्कोची मर्यादा अधिक ६ जी आहे. म्हणजे ७० किलोच्या माणसाला त्या क्षणी आपले वजन ४२० किलो झाल्यासारखे वाटते. पंखाचा कणा असलेल्या ‘स्पार’वरही त्याच प्रमाणात भार येतो. वारंवार ताण पडून धातूला ‘थकवा’ येतो, त्या मानाने चांगले लाकूड टिकते. त्याचे शत्रू दोन : ओल आणि कच्चा जोड.

जोड पक्का कसा ओळखायचा?

गोंद कालवला की त्यातूनच दोन फालतू तुकडे चिकटवून ठेवायचे आणि सुकल्यावर तोडायचे. लाकूड फाटले तर जोड पक्का. तुकडे गोंदाच्या रेषेवर सुटले तर त्या दिवसाचे सगळे काम संशयास्पद. मात्र पंखावर प्लायवूडचे आवरण चढले की आतले बहुतेक जोड पुन्हा दिसत नाहीत.

नियम काय सांगतात?

अमेरिकेत विमानाचा निम्म्याहून अधिक भाग हौशी व्यक्तीने स्वतः, शिकण्यासाठी वा छंद म्हणून बांधलेला असावा लागतो. त्यानंतर साधारण २५ ते ४० तासांची चाचणी उड्डाणे होतात. त्या काळात हौस म्हणून कोणाला सोबत नेता येत नाही. पुढेही विमान ‘प्रायोगिक’ असल्याचे सोबत्याला सांगणे बंधनकारक आहे. सरकारी तपासणी मात्र विमान पूर्ण झाल्यावर होते. बांधणी सुरू असताना जाणकाराला बोलावणे ऐच्छिक आहे. ब्रिटनमध्ये ‘लाइट एअरक्राफ्ट असोसिएशन’चे निरीक्षक टप्प्याटप्प्याने काम पाहून सही करतात.

आपल्याकडे याचा संबंध काय?

कांदिवलीत घराच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव यांची गोष्ट महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्यांचे विमान धातूचे आणि सहा आसनी. २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले, नोंदणी २०१७ मध्ये झाली. नोंदणी म्हणजे उड्डाणाची परवानगी नव्हे, हेही तेव्हा अनेकांना कळले.

अशा जिद्दीला कागदपत्रांत अडकवून ठेवणे चूक, आणि कौतुकाच्या भरात तपासणी सैल करणे त्याहून मोठी चूक. आवरण चढण्याआधीची तपासणी सक्तीची हवी, तोडलेल्या नमुन्यांची नोंदवहीही हवी. बांधणारा आपल्या जोखमीवर उडतो. शेजारी बसणाऱ्याने तो गोंद कालवताना पाहिलेला नसतो. ती वही समोर असेल, तर दुसऱ्या सीटवर जरूर बसावे.