चाळिशीनंतरचे व्हायोलिन



नागपूर जिल्ह्यातील काटोल गावातले एक घर डोळ्यांसमोर आणा. वडील शाळेत शिक्षक आहेत. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांनी हौसेने व्हायोलिन आणले. संध्याकाळी ते गज ओढू लागले, की नुसती करकर ऐकू येते आणि दहावीतला मुलगा पुस्तकामागे तोंड लपवून हसतो. महिन्याभरात व्हायोलिन कपाटावर जाऊन बसते. “या वयात कसले शिकणे!” असे म्हणून वडीलही हसण्यावारी नेतात.

माझे स्पष्ट मत आहे, की येथे चुकले ते वडिलांचे नव्हे, मुलाचे. का, ते पाहा.

गजाला घोड्याच्या शेपटीचे केस असतात व त्यांना राळ लावतात. राळेमुळे केस तारेला पकडून ओढत नेतात. ताण वाढला, की तार निसटते आणि लगेच पुन्हा पकडली जाते. सेकंदाला ४४० कंपने करणाऱ्या तारेवर ही धरसोड सेकंदाला ४४० वेळा होते. गजाचा दाब, त्याचा वेग आणि घोडीपासूनचे अंतर यांचा मेळ बसला, तरच ती नियमित होते. मेळ बिघडला, की करकर! सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी सरकारी हिशेब खात्यात असताना १९१०च्या सुमारास काही काळ नागपुरात नोकरी केली होती. गजाने वाजणाऱ्या तारांवरचा त्यांचा मोठा प्रबंध १९१८ साली प्रसिद्ध झाला. ज्या धरसोडीवर रामन यांनी एवढे संशोधन केले, ती एखाद्याच्या मनगटाला महिन्याभरात कशी साधावी?

डाव्या हाताची कथा अशीच. व्हायोलिनला सतारीसारखे पडदे नसतात. तार सुमारे ३३ सेंटिमीटर लांब असते. षड्जानंतर शुद्ध रिषभ हवा, तर तिचा नववा भाग, म्हणजे सुमारे ३.७ सेंटिमीटर सोडून बोट ठेवावे लागते. बोट दोन-तीन मिलिमीटर सरकले, तरी सूर खटकतो. ही जागा डोळ्याने नव्हे, कानाने शोधायची असते. ऐकायचे, चूक ओळखायची, बोट सरकवायचे. चुकल्याशिवाय हे येतच नाही.

मग वयाचे काय? १९९५ साली जर्मनीतील संशोधकांना असे आढळले, की तंतुवाद्ये वाजवणाऱ्यांच्या मेंदूत डाव्या हाताच्या बोटांचे क्षेत्र मोठे असते. लहानपणी आरंभ करणाऱ्यांत तर अधिकच. लवकर सुरुवात करण्याचा फायदा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु २००८ साली जर्मनीतच साठीच्या आसपासच्या लोकांना तीन चेंडू झेलण्याची कसरत तीन महिने शिकवली, तेव्हा त्यांच्याही मेंदूच्या रचनेत बदल दिसून आला. तरुणांइतके कौशल्य त्यांना आले नाही. पण शिकण्याचे दार वयाने बंद होत नाही, एवढे निश्चित.

काटोलच्या परिसरात पन्नाशीचा शेतकरी संत्र्याची नवी कलमे लावतो. बहार धरण्याजोगी झाडे व्हायला चार-पाच वर्षे लागतात. “आता कशाला?” असे त्याला कोणी विचारत नाही. मग व्हायोलिन घेणाऱ्यालाच का विचारावे?

शिक्षकहो, वर्षानुवर्षे शिकवत राहिल्यावर न येण्याची लाज काय असते, ते आपण विसरतो. एखादी नवी विद्या घेऊन पुन्हा नवशिके व्हा. गणित अडलेला मुलगा तुम्हाला अधिक कळेल.

आणि मित्रांनो, तुमच्या घरातून अशी करकर ऐकू आली, तर हसू नका. पेटीवर षड्ज धरून शेजारी बसा आणि बोट चढे लागते की उतरे, तेवढे सांगा. नवशिक्याला वाहवा नको असते. त्याला एक विश्वासू कान हवा असतो. तो कान तुम्ही व्हा.