शिकण्याचा पैसा कोणाच्या हाती?

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील चिखला हे गाव मँगनीजच्या खाणीमुळे सर्वपरिचित आहे. येथील भूमिगत खाण केंद्रीय पोलाद मंत्रालयाच्या अखत्यारीतील 'मॉइल' कंपनी चालवते. या कंपनीचा वारसा १८९६ सालापर्यंत मागे जातो. मँगनीजवाचून पोलाद होत नाही, त्यामुळे खनिजाची गरज लवकर संपणारी नाही. मात्र ते काढण्याची रीत बदलत असून हातांची कामे यंत्रांकडे जात आहेत. अशा वेळी चाळिशी ओलांडलेल्या कामगाराने नवे कौशल्य शिकावे, असे सारेच सांगतात. त्या शिक्षणाचा खर्च कोणी करावा आणि काय शिकायचे हे कोणी ठरवावे, हा प्रश्न मात्र अनुत्तरित राहतो.

जगाचा अनुभव

काही देशांनी यावर एक उपाय योजला आहे. शिक्षणाचा पैसा संस्थेला न देता थेट शिकणाऱ्या प्रौढाच्या नावे जमा करायचा आणि अभ्यासक्रमाची निवड त्याच्यावर सोपवायची. सिंगापूरने २०१६ पासून २५ वर्षांवरील प्रत्येक नागरिकाच्या खात्यात ५०० डॉलर जमा केले. २०२४ मध्ये चाळीस व त्यापुढील वयाच्या नागरिकांना आणखी ४,००० डॉलर दिले. फ्रान्समध्ये २०१९ पासून कामगाराच्या प्रशिक्षण खात्यात दरवर्षी ५०० युरो जमा होतात. अल्पशिक्षितांसाठी ही रक्कम ८०० युरो आहे.

या वाटेवर खाचखळगेही आहेत. इंग्लंडने सप्टेंबर २००० मध्ये अशीच खाती सुरू केली. परंतु संस्थांची नीट पडताळणी न झाल्याने गैरव्यवहार बोकाळला आणि नोव्हेंबर २००१ मध्ये योजना गुंडाळावी लागली. फ्रान्समध्येही फोनवरून भुलवून खाती रिकामी करणाऱ्यांना आवर घालण्यासाठी २०२२ च्या अखेरीस कायदा करावा लागला.

आपल्याकडील स्थिती

आपल्याकडे 'क्रेडिट' हा शब्द आला तो वेगळ्या अर्थाने. २०२१ मध्ये उभी राहिलेली श्रेयांक पेढी आणि २०२३ चा राष्ट्रीय श्रेयांक आराखडा यांत शिकणाऱ्याच्या नावे श्रेयांक जमा होतात, रुपये नव्हेत. तीस तासांच्या अध्ययनाला एक श्रेयांक, असे हे गणित असून कामाच्या अनुभवालाही त्यात स्थान आहे. ही तरतूद स्वागतार्ह होय. परंतु श्रेयांक मिळवण्यासाठी आधी शिकावे लागते आणि शिकण्यासाठी आधी पैसा व वेळ लागतो.

पैसा आहे तो प्रशिक्षण केंद्रांकडे जातो. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना जुलै २०१५ मध्ये सुरू झाली. तिच्यात अनुभवी कामगाराचे पूर्वज्ञान तपासून प्रमाणपत्र देण्याचीही सोय करण्यात आली. मात्र डिसेंबर २०२५ मध्ये संसदेत मांडलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालाने, अनेक लाभार्थींच्या बँक खात्यांच्या नोंदी कोऱ्या वा निरर्थक असल्याचे दाखवून दिले. ज्याच्यासाठी योजना, तोच कागदावर सापडत नसेल, तर खर्चाचा जाब कोण विचारणार?

चिखल्यासारख्या गावात काय घडेल?

समजा, उद्या चिखल्यातील प्रत्येक प्रौढाच्या खात्यात प्रशिक्षणाचे दहा हजार रुपये जमा झाले. तरीही तीन अडचणी उरतात. पहिली, शिकवणारी चांगली संस्था गावाच्या आवाक्यात हवी. दुसरी, कंत्राटी वा रोजंदारी कामगार वर्गात बसला की त्या दिवसाची मजुरी बुडते. शुल्क माफ झाले तरी चूल पेटत नाही. सिंगापूरने चाळिशीनंतर पूर्णवेळ शिकणाऱ्यास निर्वाह भत्ता देऊ केला, तो याच कारणाने. तिसरी, अर्ज व पडताळणी मोबाईलवर होणार आणि अल्पशिक्षित माणूस नेमका तेथेच मध्यस्थाच्या हाती सापडणार.

पैशाचा मार्ग मात्र अगदीच बंद नाही. २०१५ च्या खाण कायदा दुरुस्तीनुसार खाणबाधित जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापन झाले असून खाणधारकांना त्यात अंशदान भरावे लागते. या निधीचा किमान ६० टक्के भाग अग्रक्रमाच्या कामांवर खर्चावा, असे ठरले होते. २०२४ मध्ये तो ७० टक्के करण्यात आला. पिण्याचे पाणी, आरोग्य व शिक्षण यांच्या बरोबरीने कौशल्यविकासही त्या अग्रक्रमात आहे. त्यातूनच वैयक्तिक प्रशिक्षण खात्याचा छोटा प्रयोग खाणपट्ट्यात करता येईल.

शिकवणाऱ्यांची परंपराही विदर्भाला नवी नाही. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय श्रमिक शिक्षण मंडळाचे मुख्यालय नागपूरलाच उभे राहिले. आज ते दत्तोपंत ठेंगडी यांच्या नावाने ओळखले जाते. खाणीत येणाऱ्या कामगाराला सुरुवातीचे व पुढे उजळणीचे प्रशिक्षण देण्याचे बंधन तर १९६६ च्या नियमांनीच घातले. म्हणजे प्रौढाला कामासोबत शिकवणे अशक्य नाही, हे खाणींनी पूर्वीच मान्य केले आहे. मात्र ते शिक्षण खाणीच्या गरजेपुरते आहे. खाण सोडावी लागली तर पुढे काय, याचे उत्तर त्यात नाही.

म्हणून केवळ रक्कम जाहीर होण्याची वाट पाहून भागणार नाही. निवड कामगाराची, बुडालेल्या मजुरीची भरपाई आणि संस्थांची काटेकोर तपासणी, ही तिन्ही सूत्रे एकत्र आली तरच योजना तरेल. खनिज निधीच्या नियमांत ग्रामसभेलाही स्थान आहे. खाणपट्ट्यातील वाचकांनी पुढील ग्रामसभेत आपल्या गावाच्या वाट्याला आलेल्या निधीपैकी किती रक्कम प्रौढांच्या शिक्षणावर खर्च झाली, एवढे अवश्य विचारावे. सुशिक्षित तरुणांनी शेजारच्या काका-मावशींचा अर्ज भरून द्यावा आणि त्यांना तो वाचूनही दाखवावा. खाणीतील धातू एकदा काढला की संपतो. माणसाच्या अंगी आलेले कौशल्य गाव सोडावे लागले तरी त्याच्याबरोबर जाते.