थायरॉइडचा वारसा आणि मुलांचा नकार

‘मला काहीही होत नाही, मग रक्त कशासाठी तपासायचे?’ स्वतःला थायरॉइडचा विकार आहे असे कळल्यावर मुलांनाही तपासणी सुचवणाऱ्या आईवडिलांना बहुधा हेच उत्तर मिळते. मुले पंचविशी-तिशीतली असतात, आपले निर्णय आपण घेत असतात. लहानपणी हाताला धरून दवाखान्यात नेले तसे आता नेता येत नाही, आणि नेऊही नये. मग आग्रह धरावा तरी किती? याचे उत्तर मुलांच्या स्वभावापेक्षा आपला विकार नेमका कोणता आहे, यावर अधिक अवलंबून असते.

‘मला थायरॉइड आहे’ असे आपण सहज म्हणतो. पण थायरॉइड, अर्थात अवटू, हे गळ्याच्या पुढच्या भागातील ग्रंथीचे नाव आहे. तिचे विकार अनेक आणि त्यांचा वारसाही निरनिराळा. म्हणून मुलांशी बोलण्यापूर्वी आपली जुनी फाइल काढावी आणि आपल्या विकाराचे पूर्ण नाव डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.

बहुसंख्य घरांत आढळतो तो हाशिमोटो विकार. हाकारु हाशिमोटो या जपानी शल्यचिकित्सकाने १९१२ मध्ये त्याचे वर्णन केले. यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच ग्रंथीवर उलटते आणि ग्रंथी हळूहळू मंदावते. ग्रंथीचे काम अतोनात वाढवणारा ग्रेव्हज विकारही याच जातीचा. अशा विकारांत मुलांकडे जाते ती केवळ प्रवणता; विकार होईलच असे नाही. स्त्रियांमध्ये त्यांचे प्रमाण कितीतरी अधिक असले, तरी मुलगे त्यातून सुटलेले नाहीत. येथे जनुकीय चाचणीची गरज नसते. रक्तातील टीएसएच पाहिले की सुरुवात होते. आवश्यक वाटल्यास डॉक्टर टी-फोर आणि टीपीओ प्रतिपिंडे तपासायला सांगतात. प्रतिपिंडे आढळली पण टीएसएच योग्य असले, तर सहसा गोळी लागत नाही. वर्षातून एकदा तपासणी पुरते. टीएसएच किंचित वाढलेले दिसल्यास दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासतात, कारण अनेकदा ते आपोआप पूर्ववत होते.

म्हणजेच, काहीही त्रास नसलेल्या मुलाने ही तपासणी काही महिने लांबवली, तर आकाश कोसळत नाही. रोज जेवणाच्या ताटावर तोच विषय काढून घरातली शांतता घालवू नये. मात्र सतत थकवा, थंडी सहन न होणे, बद्धकोष्ठता, मासिक पाळीत अतिस्राव, किंवा छातीत धडधड होऊन वजन घटणे अशी लक्षणे असतील, तर थांबू नये. मुलगी बाळाचा विचार करत असेल, तर मुळीच थांबू नये. गर्भाच्या मेंदूची घडण पहिल्या तीन महिन्यांत आईच्याच थायरॉइड संप्रेरकावर विसंबून असते, आणि त्यातले कित्येक दिवस गर्भधारणा लक्षात येण्यापूर्वीच निघून जातात. लग्न झालेल्या मुलीने माहेरचा हा इतिहास आपल्या डॉक्टरांना आवर्जून सांगावा. सासरच्यांनीही सुनेच्या माहेरचा इतिहास दोष काढण्यासाठी नव्हे, काळजीपोटी विचारावा.

मेड्युलरी नावाच्या थायरॉइड कर्करोगाची गोष्ट मात्र वेगळी आहे. हा कर्करोग विरळा; पण साधारण चारांपैकी एका रुग्णात तो रेट नावाच्या जनुकातील बदलामुळे होतो, आणि तो बदल प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून घराण्यात पूर्वी कोणाला नसला, तरी आधी रुग्णाने स्वतःची रेट चाचणी करून घ्यावी. जनुकात बदल नसेल, तर मुलांच्या मागे लागण्याचे कारण बहुधा उरत नाही. बदल असेल, तर मुलांच्या चाचणीत चालढकल परवडणारी नाही. बदल घेऊन जन्मलेल्यांची ग्रंथी कर्करोग होण्याआधीच काढता येते. काही प्रकारांत तर ही शस्त्रक्रिया वयाच्या पाचव्या वर्षापर्यंत करतात. तिशीतल्या मुलाचा नकार त्यामुळे त्याच्या एकट्यापुरता राहत नाही, त्यामागे नातवंडेही उभी असतात. उलट, मुलाच्या रक्तात तो बदल नाही असे कळले, तर त्याची आणि त्याच्या अपत्यांची या वारशातून सुटका होते. हे त्याला जरूर सांगावे. यासाठी जनुकीय समुपदेशकाची भेट घेणे उत्तम.

नकारामागचे कारणही समजून घ्यावे. कोणाला जन्मभराच्या गोळीची धास्ती असते, कोणाला हा ‘बायकांचा आजार’ वाटतो, कोणाला लग्नाच्या स्थळांपर्यंत बातमी जाईल अशी भीती असते. शेवटची भीती घरच्यांच्याच वागण्यातून आलेली असते. म्हणून अहवाल कोणाला दाखवायचा, हे ज्याचे रक्त त्यानेच ठरवावे. प्रयोगशाळा आणि दिवसही त्यालाच निवडू द्यावा. त्याचा आळस, वाढलेले वजन, चिडचिड या सगळ्यांवर ‘थायरॉइडच असेल’ असे शिक्के मारू नयेत. अशाने तो अधिकच दूर जातो.

बोलून वाद होत असेल, तर एक पानभर लिहून द्यावे. विकाराचे नाव, निदानाच्या वेळचे आपले वय, पहिली लक्षणे, आजी, मावशी, आत्या, काका यांपैकी कोणाकोणाला काय झाले, आणि शेवटी अहवालांच्या प्रती. हे पान प्रत्येक मुलाला सारखेच द्यावे. भावंडांपैकी एकाने तपासणी केली, की दुसऱ्याचा संकोच पुष्कळदा आपोआप गळून पडतो.

मूल तयार झाले, की थोड्याच गोष्टी लक्षात ठेवायच्या. टीएसएचसाठी एरवी उपाशी राहावे लागत नाही. पण ते सकाळी अधिक असते, म्हणून पुढच्या तपासण्या शक्यतो त्याच सुमारास कराव्यात. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर आकडे चुकीचे येऊ शकतात. तसे डॉक्टरांना सांगून त्या दोन-तीन दिवस आधी थांबवाव्यात. आणि अहवाल काहीही येवो, आईच्या डबीतली गोळी मुलीने परस्पर सुरू करू नये.

एवढे करूनही हाशिमोटोच्या घरातला मुलगा ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणाला, तर ते मान्य करावे. पान त्याच्याजवळ आहेच. रेट जनुकाच्या घरात मात्र पुन्हा सांगावे, शांतपणे सांगावे, आणि त्याच्या डॉक्टरांच्या भेटीला तो म्हणेल तर सोबत जावे.