टर्बो बदलण्याआधी चेंबर खोला

टर्बो गेला म्हणून नवा बसवला आणि काही महिन्यांत तोही शिट्टी मारू लागला, ही कहाणी आपल्या धंद्यात आता कुणाला नवी राहिलेली नाही. ग्राहक म्हणतो पार्ट डुप्लिकेट होता, पार्टवाला म्हणतो फिटिंग चुकलं, आणि गॅरेजमालक दोघांच्या कात्रीत सापडतो. या अंकात आम्हाला एकच गोष्ट ठासून सांगायची आहे. टर्बो सहसा आपणहून मरत नाही, त्याला मारणारं कारण इंजिनात दुसरीकडेच असतं. ते न शोधता नवा टर्बो चढवला की ग्राहकाची पाच आकडी रक्कम पाण्यात जाते आणि गाडी पुन्हा आपल्याच दारात उभी राहते.

छोट्या टर्बो पेट्रोल गाड्या आपल्याकडे इतक्या का आल्या, हे सगळ्यांना ठाऊक आहे. चार मीटरच्या आत लांबी आणि १२०० सीसीच्या आत पेट्रोल इंजिन असलं की कर कमी. २२ सप्टेंबर २०२५ पासून तर जीएसटी थेट १८ टक्क्यांवर आला. एवढ्याशा इंजिनाने उंच, जड गाडी ओढायची तर टर्बो हवाच. २०१३ ची इकोस्पोर्ट इकोबूस्ट, मग व्हेन्यू, सॉनेट, मॅग्नाइट, फ्रॉन्क्स. इकोस्पोर्टचं इंजिन ९९९ सीसीचं, तीन सिलिंडरचं, आणि ताकद १२५ पीएस. यातल्या जुन्या गाड्यांची वॉरंटी कधीच संपली. त्या आता शोरूममध्ये जात नाहीत, आपल्याकडे येतात.

टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे घेतो आणि तो बुशवर नाही, तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. एका बाजूला एक्झॉस्टची लालभडक उष्णता, दुसऱ्या बाजूला ताजी हवा, आणि मध्ये हा थर. प्रेशर घटलं किंवा तेलात कचरा आला की बेअरिंग खरवडायला फार वेळ लागत नाही. म्हणून टर्बोचं दुखणं बघायचं तर आधी तेलाचा रस्ता बघावा लागतो, चेंबरपासून फीड पाइपच्या बँजो बोल्टपर्यंत.

इकोस्पोर्टचंच उदाहरण घेऊ. या इंजिनाच्या सुरुवातीच्या आवृत्तीत टायमिंग बेल्ट तेलात भिजलेला चालतो. पुढे टायमिंगला चेन आली, पण ऑइल पंपाचा बेल्ट तेलातच राहिला. छोट्या फेऱ्या, थंड इंजिन, लांबवलेलं सर्व्हिसिंग असं जमून आलं की पेट्रोल तेलात उतरतं आणि बेल्टचं रबर मऊ पडतं, फुगतं, त्याचे कण सुटतात. ते कण तेलाबरोबर खाली जाऊन पंपाच्या तोंडाशी असलेल्या जाळीवर बसतात. अशी जाळी बाहेर काढून उजेडात धरली की त्यावर काळ्या मऊ लगद्याचा थर दिसतो, बोटांत चोळला तर बारीक धागे हाताला लागतात. अर्धी जाळी बुजलेली असली तरी इंजिन चालू राहतं. आयडलिंगला ऑइलचा दिवा क्षणभर लुकलुकतो, आपण सेन्सर बदलतो, आणि तेवढ्यात टर्बो तहानेने मरतो.

हे फक्त एखाद्या हलगर्जी मालकाचं प्रकरण नाही. डिसेंबर २०२३ मध्ये फोर्डने अमेरिकेत सुमारे १ लाख ४० हजार फोकस आणि इकोस्पोर्ट परत बोलावल्या. कारण होतं ऑइल पंपाच्या बेल्टच्या टेन्शनरचं. तो गेला की ऑइल प्रेशर जातं, इंजिन बंद पडतं आणि ब्रेकचा बूस्टरही साथ सोडतो. त्या अमेरिकेतल्या इकोस्पोर्ट चेन्नईजवळच्या कारखान्यातच तयार झालेल्या होत्या. युरोपात प्यूजो २००८ सारख्या गाड्यांच्या १.२ प्युअरटेक इंजिनाने तेलातल्या बेल्टचाच त्रास दिला, आणि २०२४ मध्ये कंपनीला तिथे १० वर्षं किंवा १ लाख ७५ हजार किलोमीटरपर्यंत संरक्षण वाढवावं लागलं. तिथले फिटर तेल भरायच्या तोंडातून गेज घालून बेल्टची रुंदी मोजतात. गेज बसला नाही म्हणजे बेल्ट फुगला. पाच मिनिटांचं काम आहे.

तेव्हा "गाडी ओढत नाही" म्हणून कुणी आलं आणि स्कॅनरवर पी ०२९९ दिसला, तर लगेच टर्बोचं कोटेशन देऊ नका. हा कोड बूस्ट कमी आहे एवढंच सांगतो. इंटरकूलरचा होज फाटलाय का, क्लिप सैल आहे का, हे स्मोक टेस्टने आधी बघा. कित्येकदा काम तिथेच संपतं. वेस्टगेट आणि ॲक्च्युएटर हलवून बघा. होजमध्ये तेलाचा पातळ ओलावा असणं नेहमीचं आहे, तेवढ्यावरून सील गेलं असं ठरवू नका. शाफ्ट हाताने थोडा वर-खाली हलला तरी घाबरायचं कारण नाही; पुढे-मागे खेळत असेल तर मात्र टर्बो गेला. गेला असेल, तर नवा बसवण्याआधी मेकॅनिकल गेज लावून गरम इंजिनावर ऑइल प्रेशर मोजा, चेंबर उतरवा, जाळी बघा, फीड पाइप नवा टाका, ब्रीदर मोकळा आहे का तपासा. ब्रीदर तुंबला की टर्बोतलं तेल परत चेंबरमध्ये उतरत नाही आणि निळा धूर निघतो, दोष मात्र टर्बोच्या माथी येतो.

या तपासणीचे पैसे मागायला संकोच करू नका. लेबर लिहा, जाळीचा फोटो काढून ग्राहकाला दाखवा. बहुतेक ग्राहक समजून घेतात. त्यांना राग येतो तो दुसऱ्यांदा बिल भरताना.

तेलाच्या बाबतीत मात्र आपल्यालाच सवय बदलावी लागेल. बॅरलमधलं एकच तेल सगळ्या गाड्यांना ओतायचे दिवस गेले. इकोबूस्टला ५डब्ल्यू-२०, तेही फोर्डच्या स्पेसिफिकेशनचं. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या टर्बो इंजिनांना किमान एपीआय एसपी दर्जाचं, कारण २०२० पासूनच्या या दर्जात कमी आरपीएमवर अवेळी पेट घेण्याच्या धोक्याचा विचार केलेला आहे. तो धोका पिस्टन फोडतो. हिंजवडीच्या कोंडीत रोज तासभर आयडलिंग करणाऱ्या गाडीला किलोमीटरचा हिशोब लागू होत नाही. ओडोमीटरवर ५ हजार दिसत असले तरी तेलाने त्याहून कितीतरी जास्त काम केलेलं असतं. अशा गाडीचं तेल सहा महिन्यांनी बदला असंच आम्ही सांगू. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली आणि पेट्रोलचा वास आला, तर सहा महिनेही थांबू नका. लिटरमागे दोन-तीनशे रुपये वाचवून ग्राहक काय गमावतो, हे त्याला आपल्याशिवाय कोण सांगणार?

थेट फवारणीच्या इंजिनांत इनटेक व्हॉल्व्हवर कार्बन साचतोच, कारण तिथे पेट्रोल धुवायला येत नाही. टाकीत टाकायच्या ॲडिटिव्हने तो निघत नाही, मॅनिफोल्ड काढून साफ करावा लागतो. ड्राय क्लचचा डीसीटी असेल तर खंबाटकीच्या चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवणाऱ्या ग्राहकाला ब्रेक वापरायला सांगा. त्याचा क्लच त्याच्या उजव्या पायावर अवलंबून आहे.

जुनी इकोबूस्ट घ्यायला निघालेले बरेच जण आधी आपल्याकडे गाडी दाखवायला आणतात. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवण्याची घोषणा केली, त्यामुळे भाव पडलेले आहेत आणि गाडी चालवायला खरोखर छान आहे. तेल बदलल्याच्या पावत्या मागा. त्या नसतील तर टायमिंग बेल्ट, ऑइल पंपाचा बेल्ट, जाळी आणि लेबर यांचा अंदाज कागदावर लिहून द्या, आणि तो आकडा विकणाऱ्याने सांगितलेल्या किमतीतून वजा करायला लावा. वजा होत नसेल तर गाडी घेऊ नका, असं तोंडावर सांगा.